अंजनीचा निळा

मार्चमध्ये महाबळेश्वरला गेलात, तर स्ट्रॉबेरीच्या गाड्यांवरून नजर काढून जरा रस्त्याकडेच्या झाडांकडे बघा. अंजनी फुललेली असते. हे झाड एरवी कुणाच्या खिजगणतीत नसतं: जेमतेम दोन पुरुष उंच, वाऱ्याने वाकडंतिकडं झालेलं, बारमाही हिरवं. पानं समोरासमोर, जाडसर, चामड्यासारखी. उलटसुलट करून पाहा, मधली शीर दिसते, बाजूच्या शिरा जवळजवळ गायब. ओळखायला एवढी खूण मला पुरते.

फुलं मात्र अफलातून. पानांच्या बगलेतून तर येतातच, पण जुन्या, निष्पर्ण फांद्यांवरही घोसच्या घोस फुटतात. खिशातलं भिंग काढलं की गंमत कळते. गुलाबीसर पेला, त्यावर चार निळ्या पाकळ्या आणि आठ पुंकेसर, तेही निळेच. आपल्या जंगलात जांभळी फुलं पुष्कळ, असा निळा फार क्वचित. फोटोत तो नीट उतरत नाही, निदान माझ्या मोबाइलमध्ये तरी नाही.

फळ मटाराएवढं, पिकलं की काळं-जांभळं. टोकाला पेल्याची कड मुकुटासारखी टिकून असते. आत बी एकच. पानांपासून पिवळा रंग काढत. लाकूड भयंकर टणक, जळणाला उत्तम, आणि तेच या झाडाच्या मुळावर येतं. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या देवराया आहेत, म्हणून जुनी, जाड बुंध्याची अंजनी अजून पाहायला मिळते.