लंडन किती तासांवर? कोल्हापूरकरांसाठी खरं उत्तर

लंडनहून कोल्हापुरात आलो की लोक पगार नंतर विचारतात, आधी विचारतात, "लंडनला किती तास लागतात?" मुंबईहून थेट विमानाला 9 ते 10 तास. पण आपल्या उजळाईवाडी विमानतळावरनं लंडनचं विमान सुटत नाही, त्यामुळं हे उत्तर आपल्यासाठी अर्धंच.

मुंबई-लंडन हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर आणि कोल्हापूर-मुंबई रस्त्यानं 380 च्या आसपास. या 380 ला सात-आठ तास आरामात जातात. महामार्गाच्या रुंदीकरणाची वळणं, खंबाटकी घाट, पुण्याबाहेरची कोंडी, त्यात ड्रायव्हरला चहा हवाच. म्हणजे एकोणीसपट अंतर कापायला विमान दोनेक तासच जास्त घेतं! त्यात विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, मग तिथली ट्रेन. घराला कुलूप लावल्यापासून पूर्ण एक दिवस धरा.

मुंबईपर्यंत विमानानं जाता येतं, पण दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलीत तर पहिल्याला उशीर झाल्यावर दुसरं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. मला तरी रात्रीची ट्रेन बरी वाटते.

खरा घोळ तिकिटावरच्या वेळांचा. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी 1 ला निघालेलं विमान तिथल्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास उतरतं. आत्यानं तिकीट बघितलं आणि म्हणाली, "साडेचार तासांत लंडन? अरे, एवढ्यात तर आपण पुण्याला पोचतो!" परतीच्या तिकिटावर रात्री 9 ला सुटून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई. यावर तिचा सवाल, "येताना वाट चुकतंय काय ते?"

दोन्ही वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यामागं साडेपाच तास. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं एक तास पुढं असतात, तेव्हा साडेचार. हिशेब केलात तर येतानाचा प्रवास तासाभरानं कमीच निघतो. उंचावर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जोराचे वारे वाहतात. जाताना ते विमानाच्या तोंडावर येतात, येताना पाठीमागनं ढकलतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त.

आणि विमान सरळ रेषेत जातं असंही नाही. युक्रेनचं आकाश 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली, तेव्हा त्यांना अरबी समुद्रावरनं वळसा आला. शिवाय लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली की उतरायच्या आधी आकाशातच घिरट्या. खाली शहर दिसत असतं, आणि आपण रंकाळा तलावाला फेऱ्या मारल्यासारखे गोल फिरत असतो.

आई-बाबांना बोलवणार असाल तर थेट विमानच घ्या, पाचेक हजार जास्त गेले तरी. मधल्या विमानतळावर उतरून दुसरं गेट शोधणं त्यांच्या गुडघ्यांना परवडत नाही. परतीला शक्यतो सकाळी मुंबईत उतरणारं विमान बघा. दुपारी उतरलात की सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत उशीर होतो, आणि पुणं नेमकं ऑफिस सुटायच्या वेळेला लागतं.