मालकांच्या यादीत एक हायस्कूल

महागड्या जुन्या गाड्यांच्या मालकांची यादी वाचायला घेतली की मला जांभया येतात. कुणी राजा, कुणी उद्योगपती, मग लिलाव, मग एसी गॅरेजमध्ये कव्हर घालून ठेवलेली. पण फेरारी २५० जीटीओ, चॅसी नंबर (प्रत्येक गाडीचा स्वतःचा ओळख क्रमांक) ३५८९, हिची यादी जबरदस्त आहे कारण तिच्यात मधेच चक्क एक शाळा येते.

गाडी १९६२ ची, तीन लिटरचं व्ही-१२ इंजिन, ३०० च्या आसपास हॉर्सपॉवर, आणि अशा एकूण ३६ च बनल्या (चार लिटरवाल्या तीन धरल्या तर ३९, यावरून फेरारीवाले अजून भांडतात). ही आधी इंग्लंडला टॉमी सॉपविथच्या रेसिंग टीमकडे गेली, तिथे माइक पार्क्सने रेसला चालवली, मग टेक्ससमधल्या व्हिक्टोरिया गावच्या टॉम ओकॉनरने आपल्या रोझबड रेसिंग टीमसाठी घेतली आणि रेस ड्रायव्हर इनेस आयर्लंड तिच्यात बसला. पण तोवर रेसिंगमध्ये इंजिन मागे असलेल्या गाड्या आल्या होत्या, पुढे इंजिनवाली जीटीओ म्हणजे रिटायर झालेली रेस कार, अशा गाडीचं करायचं काय? तर साहेबांनी ती गावातल्या व्हिक्टोरिया हायस्कूलला देऊन टाकली, ऑटो शॉपच्या, म्हणजे गाड्या दुरुस्तीच्या वर्गातल्या पोरांना शिकायला!!

१९७२ मध्ये शाळेने ती ६,५०० डॉलरला विकली. आता सगळे शाळेला हसतात, मला ते पटत नाही. तेव्हा नवी कोरी कॉर्व्हेट, ही अमेरिकन स्पोर्ट्स कार, साडेपाच हजार डॉलरच्या आसपास मिळायची, म्हणजे फुकट मिळालेल्या, वापरून झालेल्या गाडीचे शाळेने नव्या कॉर्व्हेटपेक्षा जास्त पैसे काढले की. यात वेडेपणा कुठंय?

खरा नमुना पुढचा मालक. ओहायोतल्या एका शेतात उघड्या ट्रेलरवर त्याने ही वर्षानुवर्षं तशीच ठेवली, ऊन पाऊस बर्फ सगळं अंगावर, आणि लोक विकत मागायला आले की हा नाहीच म्हणायचा. शेवटी ८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती त्याच्याकडून सुटली, पुढे नीट रिस्टोअर झाली.

२०१८ मध्ये दुसरी एक जीटीओ, ३४१३ नंबरची, लिलावात ४८.४ मिलियन डॉलरला गेली. त्या शाळेच्या ऑफिसात ६,५०० ची पावती अजून सापडत असेल तर तीही लिलावात काढा म्हणावं, घेणारे निघतील.