येझदी पास झाली!
आज आमच्या येझदी मोटरसायकलचं आरटीओत पासिंग, म्हणजे तपासणी. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला, गाडी मात्र सुरूच. पंधरा वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी आरसी (नोंदणी) रिन्यू, म्हणून ही वारी. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, हॉर्न वाजवला, पीयूसी दाखवलं. सहा व्होल्टचा हेडलाइट आयडलिंगला काजव्यासारखा मिणमिणतो. जरा रेस दिली, उजळला, चाललं! ब्रेक कुणी दाबूनसुद्धा पाहिला नाही. अहो, जुन्या गाडीची खरी मेख तिथेच. ब्रेकच्या ड्रममधले लायनर (घासून चाक थांबवणारे पट्टे) झिजलेले असले आणि वर टू-स्ट्रोक, म्हणजे इंजिन ब्रेकिंग (रेस सोडली की इंजिनानेच गाडी आवरणं) नावापुरतंच, की घाटउतारावर देव आठवतो. पासिंग झाल्यावर गाडी थेट मिस्त्रीकडे नेली. मागचं चाक उघडलंय, लायनर उद्या मिळतील म्हणतो. रविवारची राइड रद्द, मंडळी!