तुम्ही विचारलंत म्हणून: ॲमस्टरडॅमच्या कॉफीशॉपमध्ये गांजा कसा घ्यायचा?

युरोपच्या सहलीत ॲमस्टरडॅम असलं की प्रश्न येतोच, आणि तो फॅमिली ग्रुपवर न येता खासगीत येतो: ‘तिकडे मिळतो ना? आपल्याला देतात का?’

देतात. पण तिथे गांजा कायदेशीर आहे, या समजुतीत जाऊ नका. 1976 साली डच कायद्याने गांजा-चरस हे हेरॉइन-कोकेनपासून वेगळे काढले. विक्री अजूनही गुन्हाच आहे, फक्त अटी पाळणाऱ्या दुकानांकडे (यांनाच तिथे कॉफीशॉप म्हणतात) सरकार कानाडोळा करतं. एका गिऱ्हाइकाला दिवसाला 5 ग्रॅम, दुकानात जास्तीत जास्त 500 ग्रॅम साठा, 18 वर्षांखालच्याला प्रवेश नाही, जाहिरात नाही, दारूही नाही. गंमत म्हणजे पुढच्या दाराने विकलं तर चालतं, पण मागच्या दाराने येणारा माल बेकायदा. ब्रेडा, टिलबर्ग धरून दहा डच गावांतल्या दुकानांत परवानाधारक शेतीतला माल विकण्याचा प्रयोग सुरू आहे, ॲमस्टरडॅम त्यात नाही.

फक्त नेदरलँड्सच्या रहिवाशांनाच विकावं असाही एक राष्ट्रीय नियम आहे. तो किती कडक राबवायचा हे त्या त्या गावावर सोडलंय. ॲमस्टरडॅम तो राबवत नाही, मास्ट्रिख्ट राबवतं. त्यामुळे मास्ट्रिख्टला गेलात तर दारातूनच परत पाठवतील.

दारात वयाचा पुरावा मागतात, पन्नाशीच्या माणसाकडेही. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. आधार कार्ड किंवा मोबाइलमधला फोटो दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही. रोख युरोही असू द्या, कारण परदेशी क्रेडिट कार्ड बऱ्याच दुकानांत चालत नाही.

मेन्यू काउंटरवर असतो. ‘वीट’ म्हणजे गांजा, ‘हाश’ म्हणजे चरस. नावं भारी असतात, त्यांवरून काही ठरवू नका. सरळ सांगा, ‘पहिल्यांदाच घेतोय, सौम्य काय आहे?’ हा प्रश्न ते रोज ऐकतात आणि नीट उत्तर देतात. डच गांजात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, साधारण 15 टक्क्यांच्या आसपास असतं, बाहेरून येणाऱ्या चरसमध्ये त्याहून बरंच जास्त. कॉलेजात हॉस्टेलच्या गच्चीवर ओढलेल्या मालाचा हिशेब इथे लावू नका. डबीतून काढून काट्यावर तोलून देतात. भाव बहुतेक ठिकाणी ग्रॅमला दहा-पंधरा युरो. मागा एकच ग्रॅम: त्यात तीन बारीक जॉइंट (गांजा भरून वळलेल्या सिगरेटी) होतात, दोघांना शनिवार-रविवार पुरून उरतात. 5 ग्रॅमची मर्यादा आहे म्हणून 5 ग्रॅम घेणं हा निव्वळ अडाणीपणा.

वळता येत नसेल तर तयार जॉइंट मिळतो, पण त्यात बहुधा तंबाखू असते. सिगरेट न ओढणाऱ्याला तिनेच गरगरतं आणि तो दोष गांजाला देतो. ‘प्यूर’, म्हणजे बिनतंबाखूचा, आहे का विचारा. 2008 पासून दुकानात तंबाखू ओढायला मनाई आहे, नुसता गांजा चालतो.

सगळ्यात जास्त फजिती होते ती स्पेसकेकने, म्हणजे गांजा घातलेल्या केकने. महाशिवरात्रीला भांग प्यायलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: पोटातून चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा तुकडा खाल्ला जातो, मग दोन्ही एकदम चढतात आणि सहा-आठ तास उतरत नाहीत. एक केक घ्या, त्याचा पाव भाग खा, दोन तास घड्याळ बघा. वर बिअर नको. जास्त झालंच तर छातीत धडधडतं, आपण मरतोय असं वाटतं. शांत जागी बसवा, पाणी द्या, काहीतरी गोड द्या, सोबत थांबा. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखू लागलं तर 112 लावा आणि काय खाल्लंय ते खरं सांगा.

ओढायचं ते दुकानातच बसून. जुन्या गावठाणात, रेड लाइटच्या परिसरात, मे 2023 पासून रस्त्यावर ओढायला बंदी आहे, दंड 100 युरो. हॉटेलच्या खोलीत ओढलंत तर हॉटेल वेगळे पैसे लावेल. ओढल्यावर भाड्याची सायकल नको, गाडी तर मुळीच नको: पोलिसांकडे लाळेची चाचणी असते. आणि पुलावर कोणी कानाशी येऊन ‘कोकेन’ पुटपुटला तर चालत राहा. 2014 मध्ये असाच घेतलेला कोकेन प्रत्यक्षात पांढरा हेरॉइन निघाला आणि पर्यटक दगावले.

उरलेलं तिथेच टाकून द्या. भारतात 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली अगदी थोड्या चरस-गांजालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुबई-दोहामार्गे परतणार असाल तर तिथले कायदे त्याहून कडक आहेत. निघायच्या आदल्या रात्री जॅकेटचे खिसे उलटे करून झटका आणि ग्राइंडर (गांजा कुस्करायची दातेरी डबी) हौसेने घेतला असेल तर तोही कचऱ्यात टाका. धुतला तरी दात्यांत चुरा राहतो.