विसण घातलेला झरा

आंघोळीच्या पाण्याबद्दल मराठी माणसाची मतं ठाम असतात. पाणी कढत हवं. पहिला तांब्या अंगावर घेताना तोंडातून 'हाऽऽ' निघालं पाहिजे आणि न्हाणीघरातून बाहेर येणारा माणूस लालबुंद दिसला पाहिजे. विसण घालायचं ते नाइलाजानं, हात आखडून. गरम पाण्याच्या झऱ्यांकडूनही आपली तीच अपेक्षा. वज्रेश्वरी-अकलोली घ्या, नाहीतर संगमेश्वराजवळचं तुरळ-राजवाडी घ्या. काठावर बसायचं, पायाचा अंगठा बुडवायचा, 'आई गं!' करत वर काढायचा, पुन्हा बुडवायचा. पाणी भाजत नसेल आणि त्याला गंधकाचा वास नसेल, तर त्यात औषध ते कसलं?

माझी मावशी याच पंथातली. उन्हाळ्यात ती माझ्याकडे झुरिकला राहायला आली आणि सोबत गुडघे घेऊन आली. तिची चौकशी करून झाली की गुडघ्यांची वेगळी करावी लागते. म्हणून तिला तामिनाच्या घळीतल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर न्यायचं ठरवलं. झुरिकहून रेल्वेनं सव्वा तासाच्या आसपास बाड रागात्स लागतं. ऱ्हाईनच्या खोऱ्यातलं हे गाव इतकं नीटनेटकं आहे की रस्त्यात शिंकायलाही संकोच वाटावा. पण झरा गावात नाही. डोंगरातून उतरून ऱ्हाईनला मिळणाऱ्या तामिना नदीच्या काठानं चारेक किलोमीटर वर जावं लागतं. खासगी गाड्यांना मज्जाव आहे, त्यामुळे चालत जा, नाहीतर बसनं. गुडघ्यांनी बसच्या बाजूनं कौल दिला.

रस्ता संपतो तिथे दोन कड्यांच्या मध्ये एक लांबलचक, चार मजली म्हणावी अशी जुनी इमारत उभी आहे. 1704 ते 1718 या काळात बांधलेलं हे स्नानगृह. तिच्यामागे घळ सुरू होते. आत जाताना हेल्मेट देतात, कारण वरून दगड सुटू शकतात. मावशीचा अंबाडा हेल्मेटात मावेना. तिनं तिथेच पिना काढल्या, दातात धरल्या, वेणी घातली आणि मागच्या रांगेतल्या जर्मन कुटुंबाला खुणेनंच 'थांबा हं जरा' असं सांगितलं. ते थांबले.

घळीत पाऊल टाकलं आणि उन्हाळा बाहेरच राहिला. दोन्ही बाजूंना सत्तरेक मीटर उंचीचे काळपट ओले कडे. वर जाता जाता ते एकमेकांकडे इतके झुकतात की काही ठिकाणी आभाळाची नुसती चीर दिसते, काही ठिकाणी तीही नाही. खाली तामिना ओरडत असते. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी जावं लागतं. कपारींतून ठिबकणारं पाणी हेल्मेटवर टप्‌ टप्‌ वाजतं. मग उजेडाची एखादी तिरीप खालपर्यंत पोचते आणि तेवढ्यापुरती नदी हिरवी होते. एका वळणावर मावशीनं माझं मनगट धरलं, ते पुढे बोगदा येईपर्यंत सोडलं नाही. बोगद्यात शिरताच थंडी पळाली. उबदार, दमट हवा अंगावर आली, माझा चष्मा पार धुरकटला, आणि झरा मला मावशीच्या वर्णनावरूनच समजून घ्यावा लागला. "स्वच्छ आहे. पण उकळत नाहीये," ती म्हणाली. स्वरात तक्रार होती.

नाहीच उकळत. हे पाणी साडेछत्तीस अंश सेल्सिअसचं, म्हणजे जवळजवळ आपल्या अंगाइतकंच गरम. आसपासच्या डोंगरांवरचं पावसाचं आणि बर्फाचं पाणी खडकांच्या भेगांमधून खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या वाटेनं वर येतं. ज्वालामुखीचा काही संबंध नाही. आपल्या कोकणातल्या कुंडांचंही तसंच आहे, फक्त तिथलं पाणी वर येईपर्यंत बरंच गरम राहतं. इथे मात्र कुणीतरी आधीच विसण घालून, हात बुडवून बघून, 'घे आता' म्हणून ठेवल्यासारखं आहे.

आणि या कोमट पाण्यासाठी लोकांनी काय काय केलं! असं सांगतात की 1240 च्या सुमाराला वरच्या फेफर्स गावातल्या ख्रिस्ती मठाच्या शिकाऱ्यांना हा झरा सापडला. मग आजारी माणसं येऊ लागली. घळीत उतरायला वाट नव्हती, म्हणून त्यांना वरून दोरानं खाली सोडायचे. काहींचे डोळे बांधायचे, म्हणे. चढउतार एवढी जिवावरची की एकदा खाली गेलेला माणूस रोज वर कशाला येतोय? म्हणून लोक दिवसच्या दिवस पाण्यातच राहायचे. तिथेच खायचं, तिथेच पेंगायचं. पुढे कड्याला तुळया ठोकून घळीतच लाकडी स्नानगृह बांधलं. तिथे ऊन जेमतेम पोचायचं, वरून दगड पडायचे. अखेर 1630 मध्ये पाणीच नळीतून घळीबाहेर आणलं, तेव्हा कुठे रोग्यांना आभाळ दिसू लागलं. त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी, 1535 साली, पॅरासेल्सस हा मोठा वैद्य इथे राहून गेला. या पाण्याच्या गुणांवर त्यानं पुस्तिका लिहिली.

माझं आपलं मत असं की निम्मं औषध त्या दोरातच होतं. ज्याला दोराला बांधून घळीत सोडता येतं आणि जो जिवंत खाली पोचतो, त्याची प्रकृती मुळातच बरी असणार. शिवाय एवढं भेदरून पोचल्यावर अंगाइतक्या उबेच्या पाण्यात बसायला मिळालं, तर कुणालाही आपण बरे झालो असं वाटेल. पण त्या मुक्कामाचं श्रेय पाण्यालाही द्यायला हवं. तुरळच्या कुंडात कुणी आठवडाभर बसून दाखवावं! पाच मिनिटांत माणूस बाहेर येऊन वारा घेतो. कोमट पाण्याला मात्र हाकलून देणं माहीतच नाही.

परतीला जुन्या इमारतीत पाणी चाखायची सोय आहे. मावशीनं घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. "कसलीच चव नाही गं. वासही नाही. हे आपलं साधं पाणीच आहे." साधं पाणी तर साधं पाणी, पण तिनं पर्समधली बाटली काढून भरून घेतली. असू दे म्हणाली.

1838 मध्ये मठ बंद झाला आणि दोन वर्षांनी लाकडी नळ टाकून झऱ्याचं पाणी थेट गावात नेलं. तिथून बाड रागात्सचं नशीब उघडलं. मोठमोठी हॉटेलं आली, राजेरजवाडे आले, दर वाढले. (मठाच्या वास्तूत पुढे मनोरुग्णालय निघालं, ते आजही आहे. ही गोष्ट मला त्या हॉटेलांपेक्षा जास्त आवडली.) आज गावातल्या सार्वजनिक स्नानगृहात तेच पाणी आहे. तिकिटाचा आकडा मी मावशीला रुपयांत करून सांगितला नाही.

मावशीनं पोटरीपर्यंतचा पोहण्याचा पोशाख पुण्याहूनच आणला होता. सौनाच्या दाराशी 'इथे कपडे घालू नयेत' अशी पाटी होती. मी अर्थ सांगितल्यावर ती दाराकडे पाठ करून सरळ पाण्यात उतरली. पहिली पाच मिनिटं तिनं कुरकुर केली: कोमट आहे, गार पडत चाललंय, कुणाला तरी सांग. मग ती बोलायची थांबली. या पाण्याची गंमत तिथेच कळते. कढत पाणी आणि गार पाणी दोन्ही अंगाला आपली जाणीव देत राहतात. हे काहीच म्हणत नाही. थोड्या वेळानं आपलं कोपर कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, ते कळेनासं होतं. तासभर झाला तरी बाहेर यायचं कारणच सुचत नाही. बोटं मात्र सुरकुतून गेलेली असतात.

शेजारी एक स्विस आजी होत्या, मावशीच्याच वयाच्या. त्यांनी पाण्याखाली स्वतःच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. मावशीनं दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन्ही. आजींनी मान हलवली, मग कमरेला हात लावला. मावशीनं मानेला लावला. माझी मदत कुणीच मागितली नाही. जिना चढणं, मांडी घालणं, सकाळी उठल्याउठल्या पहिलं पाऊल टाकणं, असे एकेक विषय हातवाऱ्यांनी निघत गेले. शेवटी आजींनी बोटांनी टोचल्याची खूण करून 'इंजेक्शन घेतलंत का?' असं विचारलं, तेव्हा मावशी माझ्याकडे वळली. "यांना सांग, मुळीच घेऊ नका म्हणावं. माझ्या जावेनं घेतलं होतं, काही उपयोग झाला नाही."

मी सांगितलं. आजींनी जावेची सविस्तर माहिती विचारली.