बारा फुटांच्या रुंदीत: आमची वाटचाल

हल हे इंग्लंडच्या पूर्व भागातलं बंदर. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, धंद्याचा विषय निघाला की पहिलं नाव याच शहराचं येतं. हल, बेव्हर्ली, कॉटिंगहॅम या पट्ट्यात कॅरॅव्हॅन बांधणारे मोठे कारखाने आहेत आणि त्यांच्या आधाराने सुतार, शिवणकाम करणारे, नळ आणि गॅसचं काम करणारे असे कितीतरी लोक पोट भरतात. आमची छोटी फर्म त्यांतलीच एक. नव्या कॅरॅव्हॅन आम्ही बांधत नाही. पार्कवर उभ्या असलेल्या, लोकांच्या मालकीच्या स्टॅटिक कॅरॅव्हॅनची आतली रचना नव्याने करून देतो.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. स्टॅटिक कॅरॅव्हॅनला चाकं असतात, पण ती फिरत नाही. लॉरीवरून एकदा समुद्रकाठच्या हॉलिडे पार्कवर येते, सिमेंटच्या पायावर टेकू लावून, वाऱ्यासाठी साखळ्यांनी बांधून उभी केली जाते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते. कॅरॅव्हॅन आपली, जागा पार्कची. जागेचं वार्षिक भाडं भरायचं आणि सुट्टीत यायचं. कायमचं घर म्हणून तिथे राहता येत नाही, आणि बरेच पार्क हिवाळ्यात काही आठवडे बंद असतात. रस्त्यावरून आणायची म्हणून रुंदीला मर्यादा. एकेरी कॅरॅव्हॅन साधारण 10 ते 14 फूट रुंद असते. याहून ऐसपैस हवी असेल तर लॉज घ्यायचं. त्याचे दोन भाग वेगवेगळे येतात आणि जागेवर जोडले जातात. इंग्लंडमध्ये 2006 पासून त्याची कायदेशीर मर्यादा 20 मीटर लांब आणि 6.8 मीटर रुंद अशी आहे.

मी मूळची डोंबिवलीची. इंटिरिअरचा डिप्लोमा झाल्यावर तिथे वन रूम किचनची कामं करायचे. पाहुणे आले की गाद्या कुठून काढायच्या आणि सकाळी कुठे ठेवायच्या, हा प्रश्न सोडवला की घरातली बाई खूश. नवऱ्याला इथल्या रुग्णालयात नोकरी लागली म्हणून हलला आलो आणि मी कॅरॅव्हॅनचे पडदे, सोफ्याच्या उशा शिवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये कामाला लागले. सोफ्याचं कापड आणि आतला फोम आगीच्या बाबतीत 1988 च्या नियमांत बसलाच पाहिजे, हे मी तिथे शिकले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘लक्झरी’ या नावाखाली लोक काय विकत घेतात, ते रोज बघायला मिळालं. मखमली हेडबोर्ड, शोभेची शेकोटी, वाइनचा छोटा फ्रिज. आणि चार माणसांच्या बॅगा ठेवायला जागाच नाही. छोट्या जागेत चैन म्हणजे सामान डोळ्यांआड होणं आणि कुणाला उठवल्याशिवाय चालता येणं. हे मत तेव्हा झालं, ते आजही तसंच आहे.

2008 च्या मंदीत इथल्या कारखान्यांतून बरेच लोक बेकार झाले होते. त्यातून सावरतोय तोवर 2012 च्या अर्थसंकल्पात स्टॅटिक कॅरॅव्हॅनवर 20 टक्के व्हॅट लावायचा प्रस्ताव आला. हलमध्ये प्रचंड विरोध झाला. अखेर सरकार 5 टक्क्यांवर आलं आणि तो दर एप्रिल 2013 पासून लागू झाला. त्या काळात, नवी कशाला घ्यायची, आहे तीच नीट करून घेऊ, असं म्हणणारे मालक मला भेटू लागले. कारखान्याच्या जुळणी विभागातून बाहेर पडलेले एक जाणते सुतार सोबत यायला तयार झाले आणि आम्ही दोघांनी सुरुवात केली. कॅरॅव्हॅनची कोणती भिंत काढता येते आणि कुठली सांगाड्याला आधार देते, हे त्यांना टकटक करून कळतं. त्यांच्या शब्दाबाहेर मी आजही एक पॅनेल काढत नाही.

ब्रिडलिंग्टनजवळच्या एका कामाबद्दल सविस्तर लिहिते, कारण आमची पद्धत त्यातून कळेल. 38 फूट बाय 12 फूट, दोन बेडरूम. लीड्सचं निवृत्त जोडपं, दोन नातवंडं आणि एक मोठा कुत्रा. बाजूचं दार उघडलं की थेट स्वयंपाकघर. समुद्रावरून आलेली वाळू, ओले कोट, चिखलाचे बूट, सगळं ओट्यापाशी. त्यांना सोफा बदलून हवा होता. आम्ही सोफ्याला हात न लावता दारापासून सुरुवात केली. दाराशेजारचं उंच कपाट काढून तिथे पट्ट्यापट्ट्यांचं बाक केलं, खाली बुटांना हवा लागेल अशी जागा, वर कोटांसाठी खुंट्या. पण बाकाचं माप घेण्याआधी जमिनीतल्या जाळ्या शोधल्या. पार्कवर बऱ्याच ठिकाणी प्रोपेनच्या बाटल्या असतात, आणि तो गॅस हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो खाली बसतो आणि या जाळ्यांतून बाहेर जातो. त्यावर गालिचा टाकलेला किंवा कपाट बसवलेलं दिसलं की माझा जीव वरखाली होतो. अशी एक जाळी बाकाखाली येत होती, म्हणून बाकच अर्धा फूट सरकवलं.

मग शोभेची शेकोटी काढली, बैठकीत चालायला वाट झाली. बाथरूमचं दार बोळात उघडायचं, ते सरकतं केलं. मुलांच्या खोलीत दोन अरुंद खाटा आणि मध्ये पाऊल ठेवण्यापुरती फट होती. तिथे एका खाटेखालून दुसरी ओढून काढायची सोय केली. दिवसा मुलांना जमिनीवर खेळायला जागा मिळाली. सोफ्याचं कापड शेवटपर्यंत बदललं नाही आणि आजींनी पुन्हा कधी विचारलंही नाही.

वजन हा आमचा कायमचा विषय. सांगाडा थोडा हलतो आणि टेकू अधूनमधून समपातळीत आणावे लागतात, त्यामुळे फरशीला तडे जातात. म्हणून आम्ही व्हिनाइल, म्हणजे लवचीक प्लास्टिकचं आच्छादनच घालतो. भिंती पातळ पॅनेलच्या असतात, टीव्ही लावायचा तर मागची लाकडी पट्टी गाठावी लागते. शिवाय स्किप्सी, विदरन्सीचा हा होल्डरनेस किनारा मऊ मातीचा आहे. समुद्र तो वर्षाला सरासरी दोन मीटरच्या आसपास खातो, आणि कड्याजवळच्या रांगा मागे हलवाव्या लागतात. हलवता येणार नाही असं काही आत बांधायचं नाही, हा नियम आम्ही त्यावरून केला.

हिवाळा ही खरी परीक्षा. पाइप गोठून फुटू नयेत म्हणून पाणी पूर्ण काढून टाकतात आणि कॅरॅव्हॅन बंद होते. गादीखाली हवा खेळत नसेल तर वसंतात बुरशी हमखास. म्हणून आमच्या प्रत्येक पलंगाला पट्ट्यांचा तळ असतो, आणि बाहेरच्या भिंतीला लागून गच्च भरलेलं कपाट आम्ही शक्यतो देतच नाही.

2020 मध्ये पार्क बंद पडले आणि काम थांबलं. 4 जुलैला इंग्लंडमधले पार्क उघडले, परदेश प्रवास अवघड होता, आणि एकदम इतकी मागणी आली की शिवणकामाला आणखी दोघींना घ्यावं लागलं. त्याच सुमारास लेस्टर आणि लंडनकडची मराठी कुटुंबंही येऊ लागली. त्यांची गरज वेगळी: कुकरची शिट्टी आणि फोडणी. आतल्या आत हवा फिरवणारी चिमणी फोडणीपुढे टिकत नाही, आणि बंद कॅरॅव्हॅनमध्ये मोहरी-हिंगाचा वास सोफ्यात महिनोन् महिने मुरतो. आम्ही वाफ थेट बाहेर नेतो, शेगडीजवळ कापडी पडदा ठेवत नाही आणि बैठकीतल्या उशांच्या खोळी धुता येतील अशा शिवतो. देवाचा छोटा कोनाडाही करून दिला आहे, पण समई विजेची.

कामाच्या चौकशीसाठी फोन केलात तर मी आधी पार्कचा करार विचारते. जागेचा परवाना ठरावीक वर्षांचा असतो, आणि मुदत संपली की कॅरॅव्हॅन हलवावी लागते. तीनच वर्षं उरली असतील तर नवं स्वयंपाकघर करू नका, गाद्या आणि दिवे बदला, असंच मी सांगते. अशी कामं आम्ही सोडलेली आहेत. आतली डागडुजी करायलाही काही पार्कांची परवानगी लागते, वीज बऱ्याच जुन्या पार्कांवर 16 अँपिअरच मिळते, आणि गॅसला फक्त गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची ब्रिटनमधली अधिकृत यादी) नोंदणी असलेला माणूसच हात लावतो. म्हणून पहिली भेट पार्कवरच ठेवतो. कराराची प्रत काढून ठेवा, आणि शक्य असेल तर भेट पावसाच्या दिवशी ठरवा. दारात पाणी कुठे साठतं ते तेव्हाच दिसतं.