जड पाण्यात दाढीचा फेस

रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यात ठिबकच्या नळ्या ज्या क्षारांनी चोंदतात, तेच क्षार दाढीच्या वाटीतला फेस मारतात. मळ्यात त्यावर अ‍ॅसिड सोडायचं हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. आरशासमोर मात्र आधी साबण बदलला जातो, मग ब्रश, मग पुन्हा साबण. खानदेशात फेस धरत नसेल तर सगळ्यात आधी पाणी बघावं, असं माझं ठाम मत आहे.

दाढीचा साबण मुख्यतः स्टिअरिक आम्लापासून बनतो, पोटॅशियम आणि सोडियमच्या जोडीने. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या साबणाला धरतं आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. न्हाणीतल्या बादलीच्या कडेला बसणारा राखाडी थर तो हाच. साबणाचा तेवढा हिस्सा फेसाला मिळतच नाही. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, त्या पाण्याकडून फेसाचीही फार आशा धरू नये.

खात्री करायची असेल तर झाकणाच्या दोन बाटल्या घ्या. एकीत अर्धा कप बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच फिल्टरच्या जारचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा नखभर कीस टाका आणि सारखंच हलवा. जारच्या पाण्यावर फेसाचा थर टिकून राहतो. बोअरच्या बाटलीत तो बघता बघता खाली बसतो, पाणी गढूळ दुधाळ होतं आणि त्यात फाटलेल्या दुधासारख्या कण्या फिरताना दिसतात.

एका दाढीला पाणी लागतं तरी किती? ब्रश भिजवणं आणि फेस धरून एक पेला. तेवढं जारचं घ्यावं, बाकी तोंड धुवायला बोअरचं चालतं. जार नसेल तर पाणी पाच मिनिटं खळखळ उकळा, निवू द्या आणि तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचं ओतून घ्या. उकळल्याने बायकार्बोनेटचा जडपणा जातो, सल्फेट-क्लोराइडचा जात नाही. तिथे लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, लिटरला चिमूटभर (साधारण अर्धा ग्रॅम) कामी येतं. त्यापुढे हात सोडू नका, आम्ल वाढलं की साबणच फाटतो.

आता फेस. डुकराच्या केसांचा ब्रश कोमट पाण्यात तीन-चार मिनिटं भिजवा, नायलॉनचा नुसता ओला केला की पुरे. उकळतं पाणी नको, केसांच्या बुडाचा डिंक सुटतो. मग ब्रश चांगला झटका, टपटप गळता कामा नये. ओलसर ब्रश वडीवर फिरवा: हलक्या पाण्यात 30 सेकंद, जड पाण्यात पूर्ण मिनिट. ब्रशच्या टोकांवर चक्क्यासारखा दाट, पिवळसर पांढरा लेप दिसला पाहिजे. क्रीम असेल तर बदामाएवढं. क्रीममध्ये बऱ्याचदा ईडीटीए असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणून जड पाण्यात क्रीम वडीपेक्षा कमी त्रास देतं.

यापुढचं काम मांड्यांच्या कणकेसारखं आहे. कणकेला जसं थोडं थोडं पाणी पाजत तिंबतात, तसंच इथे. वाटीत ब्रश गोल फिरवा, अर्धा मिनिट झाला की अर्धा चमचा पाणी, पुन्हा फिरवा, पुन्हा अर्धा चमचा. एक ग्रॅम साबण सगळं मिळून दोन चहाचे चमचे पाणी सहज पितो. पहिल्या दोन फेऱ्यांत लेप सुका आणि मंद दिसतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला त्यावर चकाकी येते, बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होतात आणि ब्रश उचलला की मऊ, वाकलेलं टोक उभं राहतं. घट्ट दह्यासारखा झाला की थांबा. घाईने एकदम पाणी ओतलं तर मठ्ठा होतो, आणि मग पुन्हा वडीवर जाऊन साबण घेण्याशिवाय इलाज नाही.

फेसाचा डोंगर बघून मात्र फसू नका. मोठाल्या बुडबुड्यांचा फुगीर फेस म्हणजे साबण कमी आणि हवा जास्त. चिमूटभर फेस अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळा. बोटं एकमेकांवरून सुळकन घसरली पाहिजेत. करकर लागली तर पात्यालाही तेच लागणार. पात्याला फेस चिकटून बसत असेल आणि पाण्यात बुचकळूनही निघत नसेल, तर तो कोरडा आहे, आणखी अर्धा चमचा पाणी मागतोय.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा पंखा किंवा कूलरच्या झोतात दाढीला बसूच नये. एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस वाळून पापडी धरतो. झोत बंद करा, फेस नेहमीपेक्षा जरा ओला ठेवा, आणि एका वेळी अर्ध्याच चेहऱ्यावर लावा. ब्रश चेहऱ्यावर निदान मिनिटभर फिरू द्या. खुंट मऊ पडायला पाणी मुरावं लागतं, दोन-तीन मिनिटं तरी.

तुरटी सगळं आटोपल्यावरच फिरवावी. तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम साबणाशी मिळून पुन्हा तसलाच साका करतं. तुरटी लावलेला गाल न धुता दाढीच्या दुसऱ्या फेरीसाठी त्यावर फेस लावलात तर तो तिथल्या तिथे फिसकटतो.

जड पाणी वापरणाऱ्याच्या ब्रशच्या बुडाशी पांढरट कीट साचत जातं, केस राठ होतात आणि नव्या साबणाचाही फेस नीट उठत नाही. महिन्यातून एकदा एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग कोमट पाणी यात ब्रश पाच मिनिटं बुडवा, बोटांनी बुडापर्यंत चोळा, साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि केस खाली करून टांगून ठेवा.